चुकीच्या जागी न अडकणारे प्रथिन

इ. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या दोन साखळ्यांतल्या समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या, असतात. त्यांपैकी जेमतेम २१ बेसजोड्यांच्या एका टापूला लॅक ऑपरेटर म्हणतात. लॅक रिप्रेसर नावाचे प्रथिन तिथे येऊन बसले की दुधातील साखर (लॅक्टोज) पचवण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचे काम थांबते. पेशीत या प्रथिनाचे रेणू असतात ते दहाच्या आसपास. डीएनएच्या दोन साखळ्या सोडवून आतली अक्षरे वाचण्याची सोय त्यांच्याकडे नाही. मिटलेले सर्पिलच ते बाहेरून चाचपतात आणि तरीही काही मिनिटांत नेमक्या जागी पोहोचतात.

प्रथिने डीएनए आणि आरएनए यांना कशी ओळखतात, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा कुलूप आणि किल्लीच्या उपमेने दिले जाते. ही उपमा मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. किल्ली चुकीच्या कुलपात शिरतच नाही. डीएनएवर काम करणारे प्रथिन मात्र चुकीच्या प्रत्येक जागेला थोडेफार चिकटते. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण विद्युतभार ओळीने मांडलेले असतात, प्रथिनाच्या पृष्ठभागावर धनभारित अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) असतात, आणि हे आकर्षण अक्षरांचा क्रम पाहत नाही. त्यामुळे योग्य जागा घट्ट कशी धरायची यापेक्षा, लाखो चुकीच्या जागांना स्पर्श करूनही त्यांपैकी कोणत्याच जागी अडकून कसे पडायचे नाही, हा माझ्या मते या विषयातला अधिक अवघड आणि अधिक सुंदर प्रश्न आहे.

आधी थोडा हिशेब करू. डीएनएच्या चार अक्षरांपासून, म्हणजे अॅडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी) या बेसपासून, ११ अक्षरांचे क्रम ४१,९४,३०४ बनतात आणि १२ अक्षरांचे १,६७,७७,२१६. म्हणजे ४६ लाख बेसजोड्यांच्या गुणसूत्रात एखादी जागा एकमेव ठरायची असेल, तर साधारण १२ अक्षरांचा पत्ता पुरतो. लॅक ऑपरेटरच्या २१ बेसजोड्यांपैकी सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसल्या, तरी जिवाणूला हा हिशेब परवडतो. मानवी जनुकसंचात मात्र तीन अब्जांहून अधिक बेसजोड्या आहेत, तिथे साधारण १६ अक्षरे लागतील; पण आपल्या पेशींतली या प्रकारची बहुतेक प्रथिने सहा ते दहा अक्षरेच ओळखतात. एकट्या प्रथिनाला तिथे आपला पत्ता शोधणे तत्त्वतःच शक्य नाही, म्हणून अनेक प्रथिने शेजारी-शेजारी बसून एकमेकांना आधार देतात. मानवी पेशीची ती गोष्ट फार गुंतागुंतीची आहे. मी इथे मुख्यतः लॅक रिप्रेसरलाच धरून राहणार आहे, कारण ज्याची प्रत्येक पायरी मोजली गेली आहे असे उदाहरण त्याच्याइतके दुसरे क्वचितच सापडेल.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली जनुकांच्या नियंत्रणाचा आराखडा मांडला, तेव्हा रिप्रेसर ही केवळ तर्काने मानलेली वस्तू होती. ती प्रथिन आहे हेही ठरलेले नव्हते. ती आरएनए असावी, असाच त्यांचा प्रारंभीचा कल होता. पेशीत मूठभर रेणू असलेली ही वस्तू पकडणे फार कठीण होते. हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी त्यासाठी आयपीटीजी या लॅक्टोजसदृश रेणूचा आधार घेतला. हा रेणू रिप्रेसरला चिकटतो आणि जिवाणू त्याला पचवू शकत नाही. जिवाणूंचा अर्क पातळ पडद्याच्या पिशवीत भरायचा, बाहेर किरणोत्सारी आयपीटीजी ठेवायचे आणि समतोल साधल्यावर पिशवीच्या आत त्याचे प्रमाण किंचित जास्त भरते का ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. सुरुवातीला सापडलेला फरक अगदी थोडका होता, पण तो खरा होता, आणि १९६६ साली रिप्रेसर हाती आला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की हे प्रथिन लॅक जनुके असलेल्या डीएनएला चिकटते, आणि आयपीटीजी घातले की सुटते. त्याच विद्यापीठात त्याच सुमारास मार्क प्टाश्ने यांनी जिवाणूंवर वाढणाऱ्या लॅम्ब्डा विषाणूचा रिप्रेसर वेगळा केला होता. रिप्रेसर प्रथिन आहे आणि ते थेट डीएनएवर बसते, हे या दोन प्रयोगांनी निर्विवाद झाले.

पण मिटलेल्या सर्पिलावरून अक्षरे ओळखायची कशी? दुहेरी सर्पिलाला दोन खोबणी असतात, एक मोठी आणि एक लहान. बेसजोड्या आत एकमेकींना धरून असल्या तरी त्यांच्या कडा या खोबणींच्या तळाशी उघड्या असतात, आणि त्या कडांवर हायड्रोजन बंधाचे (रेणूंमधल्या एका सौम्य जोडणीचे) दाते, ग्राही आणि थायमिनचा मिथिल गट हे ठरावीक क्रमाने येतात. १९७६ साली नेड सीमन, जॉन रोझेनबर्ग आणि अलेक्झांडर रिच यांनी हा क्रम काळजीपूर्वक मांडला आणि दाखवले की मोठ्या खोबणीतून पाहिले तर चारही प्रकारच्या जोड्या वेगळ्या ओळखता येतात, लहान खोबणीतून मात्र एटी आणि जीसी एवढाच भेद नीट कळतो. एकच हायड्रोजन बंध फसवा ठरू शकतो, दोन असले तर ओळख पक्की होते, हेही त्यांनी सांगितले. आर्जिनिन या अमिनो आम्लाची बाजूची साखळी (त्याचा बाहेर निघालेला भाग) ग्वानिनशी, तर अॅस्परॅजिन आणि ग्लुटामिन यांची अॅडेनिनशी अशी दुहेरी जोडणी करू शकेल, हे भाकीत त्यांनी एकाही प्रथिन-डीएनए संयुगाची त्रिमितीय रचना समोर नसताना केले. पुढे शेकडो रचना मिळाल्या आणि आर्जिनिन-ग्वानिन ही जोडी त्यांत पुन:पुन्हा दिसली. नुसत्या रसायनशास्त्राच्या बळावर केलेल्या या भाकिताबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या भाकितामुळे एक आशा निर्माण झाली. अमिनो आम्ले एका बाजूला आणि बेस दुसऱ्या बाजूला लिहून एक कोष्टक करता येईल, आणि मग कोणतेही प्रथिन कुठे बसेल ते वाचून सांगता येईल, असे अनेकांना वाटले. १९८१ आणि १९८२ मध्ये क्रो, कॅप आणि लॅम्ब्डा रिप्रेसर या डीएनएवर बसणाऱ्या तीन प्रथिनांच्या रचना प्रसिद्ध झाल्या. तिन्हींमध्ये एका वळणाने जोडलेली दोन अल्फा सर्पिले (प्रथिनाच्या साखळीची मळसूत्रासारखी वेटोळी) होती, आणि त्यांतले एक मोठ्या खोबणीत अगदी नीट बसेल अशा मापाचे होते. आशा बळावली. पण नंतर आलेल्या रचनांनी कोष्टकाला दाद दिली नाही. एकच अमिनो आम्ल एका प्रथिनात एका बेसला धरते तर दुसऱ्या प्रथिनात दुसऱ्याच, कारण सर्पिल खोबणीत कोणत्या कोनात शिरते यावर सगळे अवलंबून असते. १९८८ साली पॉल सिग्लर यांच्या गटाने ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणारी जनुके थांबवणाऱ्या रिप्रेसरची डीएनएसह रचना दिली. तिच्यात बेसना थेट धरणारे असे बंध जवळजवळ नव्हतेच, मध्ये पाण्याचे रेणू होते आणि प्रथिन त्यांच्यामार्फत क्रम जाणत होते. या निष्कर्षावर पुष्कळ वादही झाला. त्याच वर्षी ब्रायन मॅथ्यूज यांनी असे साधे कोष्टक अस्तित्वात नाही, हे स्पष्टपणे मांडले.

त्यात भर पडली ती आकाराची. जनुकाच्या सुरुवातीजवळच्या टाटा पेटी या क्रमाला बांधणाऱ्या टीबीपी या प्रथिनाची रचना १९९३ साली मिळाली, तेव्हा ते मोठ्या खोबणीकडे वळलेलेच नाही, असे दिसले. ते लहान खोबणीवर बसते, तिला रुंद उघडते, टोकांना फिनिलअलानिन या अमिनो आम्लाच्या कड्या बेसजोड्यांच्या मध्ये घुसवते आणि डीएनएला सुमारे ८० अंशांनी वाकवते. लहान खोबणीत अक्षरांचा भेद फारसा कळत नाही, हे आधी आलेच आहे. मग ओळख होते कशी? काही क्रम सहज वाकतात, काही वाकत नाहीत, आणि वाकवण्याची किंमत ही क्रमाबद्दलची माहितीच असते. २००९ साली रेमो रोस, बॅरी होनिग, रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एटी जोड्या सलग आल्या की लहान खोबण अरुंद होते, तिथला ऋण विद्युतभार तीव्र होतो, आणि आर्जिनिन नेमके तिथे ओढले जाते. म्हणजे प्रथिन अक्षर वाचत नसून अक्षरांनी घडवलेला आकार वाचत असते.

कोष्टकाच्या जवळ जाणारे अपवाद आहेत, आणि तेही निसर्गानेच दिले. झिंक फिंगर, म्हणजे जस्ताच्या अणूने घडी धरलेले बोटासारखे तुकडे असलेली प्रथिने, यांतले प्रत्येक बोट साधारण तीन बेसजोड्यांशी व्यवहार करते, हे झिफ२६८ या प्रथिनाच्या १९९१ सालच्या रचनेत निकोला पाव्हलेटिच आणि कार्ल पाबो यांनी पाहिले. टाल प्रथिने त्याहून सरळ आहेत: ३४ अमिनो आम्लांचा एक तुकडा एका बेससाठी, आणि त्या तुकड्यातली १२ वी आणि १३ वी जागा कोणता बेस ते ठरवते. हा नियम २००९ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडला. ही प्रथिने झँथोमोनास जिवाणूंची आहेत. कोकणात भातावर जो कडा करपा पडतो तो याच कुळातला जिवाणू पाडतो, आणि भाताच्या पेशीत शिरून तिचीच जनुके स्वतःच्या सोयीने चालू करण्यासाठी तो ही प्रथिने वापरतो. ज्या रोगाने शेतकऱ्याचे पीक जाते, त्या रोगाच्या हत्यारात डीएनए वाचण्याची सर्वांत सुबोध पद्धत सापडावी, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता पुन्हा लॅक रिप्रेसरकडे. कोणतीही रचना सहसा योग्य जागी बसलेल्या प्रथिनाची असते, आणि तिथेच आपली फसगत होते, कारण चुकीच्या जागी ते कसे दिसते हे आपल्याला कळतच नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्टमध्ये खारालाम्पोस कालोदिमोस, रोल्फ बूलेन्स आणि रोबर्ट काप्टाइन यांनी २००४ साली एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूची रचना काढण्याच्या तंत्राच्या) साहाय्याने नेमकी ही उणीव भरून काढली. त्यांनी रिप्रेसरच्या डीएनए धरणाऱ्या भागाची रचना दोनदा काढली, एकदा ऑपरेटरवर आणि एकदा भलत्याच क्रमावर. चुकीच्या जागी डीएनए सरळ राहतो, आणि जी अमिनो आम्ले ऑपरेटरवर बेसना धरतात, तीच इथे वळून कण्यावरच्या फॉस्फेटना धरून असतात. बाजूच्या साखळ्या सैल असतात, हलत्या असतात. प्रथिनाचा बिजागरीसारखा एक छोटा भाग असतो, तो इथे नुसता लोंबता, आकारहीन राहतो. ऑपरेटर मिळाला की तीच अमिनो आम्ले आत वळतात आणि बेसशी बंध जोडतात, बिजागरीचा भाग अल्फा सर्पिलात घट्ट होतो, ५६ व्या जागेवरचे ल्युसिन लहान खोबणीत घुसते आणि डीएनए जवळजवळ ४० अंशांनी वाकतो. या पूर्ण विषयातून मला एकच शोधनिबंध निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. चुकीच्या जागेवरची पकड आणि योग्य जागेवरची पकड यांसाठी वेगवेगळी हत्यारे नाहीत. त्याच साखळ्या आधी चाचपण्याचे काम करतात आणि मग धरण्याचे.

चाचपण्याच्या या अवस्थेला वेगाचाही आधार आहे. आर्थर रिग्ज, सूझान बुर्झ्वा आणि मेल्विन कोन यांनी १९७० साली मोजले तेव्हा कमी क्षाराच्या द्रावणात रिप्रेसर ऑपरेटर इतक्या लवकर गाठत होता की पाण्यात नुसते भटकत जाऊन तो वेग शक्यच नव्हता. ओटो बर्ग, रॉबर्ट विंटर आणि पीटर फॉन हिप्पेल यांनी १९८१ साली त्याचा गणिती खुलासा दिला: प्रथिन डीएनएवर कुठेही उतरते, त्याच्या कडेने थोडे अंतर घसरते, सुटते, पुन्हा दुसरीकडे उतरते. लांबच लांब घसरणे उपयोगाचे नाही, कारण तोच तोच भाग पुन्हा तपासला जातो; केवळ उड्या मारणेही उपयोगाचे नाही, कारण बरीच जागा तपासायची राहते. चुकीच्या जागेला चिकटणे हा दोष नव्हे, शोधाचा तो मार्गच आहे, फक्त ते चिकटणे क्षणभराचे हवे. २००७ साली योहान एल्फ, जीन-वे ली आणि सनी शी यांनी जिवंत पेशीत एकेका रेणूवर लक्ष ठेवले. रिप्रेसर सुमारे ९० टक्के वेळ डीएनएच्या कुठल्या ना कुठल्या चुकीच्या जागीच असतो, आणि एका वेळी तिथे काही मिलिसेकंदांहून जास्त थांबत नाही, असे त्यांना आढळले. घसरण्याचे अंतर एल्फ यांच्याच स्वीडनमधील उप्साला येथील गटाने २०१२ साली फार कल्पक रीतीने मोजले. दोन ऑपरेटर एकमेकांपासून दूर ठेवले की शोधाचा वेग दुप्पट होतो. ते घसरण्याच्या अंतरात आणले की दोन्ही मिळून एकाच लक्ष्यासारखे भासतात. यावरून ते अंतर सुमारे ४५ बेसजोड्यांचे निघाले. शिवाय ऑपरेटरवरून जाताना रिप्रेसर दर वेळी थांबत नाही, अनेकदा तसाच पुढे निघून जातो.

या चित्रात उरलेला सगळा डीएनए निष्क्रिय पार्श्वभूमी राहत नाही, तो नियंत्रणात भाग घेतो. लॅक्टोज असताना तयार होणारे अॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटले की ऑपरेटरवरची त्याची पकड सुमारे हजारपटीने ढिली होते, पण साध्या डीएनएवरची पकड जवळजवळ तशीच राहते. म्हणजे रिप्रेसर पाण्यात निघून जात नाही, तर इतर लाखो जागा त्याला आपल्याकडे ओढून घेतात. चुकीच्या जागा नसत्या तर जनुके चालू व्हायला कितीतरी जास्त साखर लागली असती. आणखी एक गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे: प्रयोगशाळेत ऑपरेटरचे दोन्ही अर्धे पूर्ण सममित केले तर रिप्रेसर त्यावर नैसर्गिक ऑपरेटरपेक्षा जास्त घट्ट बसतो. निसर्गाने कमाल घट्टपणा निवडलेला नाही, कारण जिवाणूला ही जनुके बंदही करायची आहेत आणि गरज पडली की चालूही करायची आहेत.

आरएनएकडे वळले की भूमिती बदलते. आरएनएचे दुहेरी सर्पिल वेगळ्या घडणीचे असते. त्याची मोठी खोबण खोल आणि अरुंद असते, तिच्यात प्रथिनाचे अल्फा सर्पिल मावत नाही, आणि लहान खोबण उथळ असली तरी तिच्यातून फारसे कळत नाही. म्हणून आरएनएवरची प्रथिने बहुधा जिथे सर्पिल मोडते तिथे, म्हणजे फासात, फुगवट्यात किंवा सुट्या साखळीत आपली जागा शोधतात. केंब्रिजमध्ये कियोशी नागाई यांच्या गटाने १९९४ साली यू१ए प्रथिनाची आरएनएसह रचना दिली. तिच्यात फासातले बेस बाहेर पसरून प्रथिनाच्या चार पट्ट्यांच्या सपाट पृष्ठभागावर टेकलेले दिसतात आणि ‘सुगंधी’ म्हटल्या जाणाऱ्या सपाट कड्या असलेली अमिनो आम्ले त्यांच्यावर रचली जातात. डीएनएत बेस लपलेले असतात आणि प्रथिन कडा चाचपते, इथे बेस स्वतःच उघडे होऊन प्रथिनाच्या हाती लागतात. पुमिलिओ प्रथिनात तर आठ तुकडे आठ बेसना एकेक करून धरतात, टाल प्रथिनांच्या कोष्टकाची आठवण व्हावी इतक्या शिस्तीने. याउलट मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले दिनशॉ पटेल यांच्या गटाने १९९५ साली अभ्यासलेला, गुरांमधल्या एका विषाणूच्या टॅट प्रथिनाचा तुकडा पाहा: एकटा असताना त्याला ठाम आकार नसतो, आरएनएच्या फुगवट्यामुळे रुंदावलेल्या मोठ्या खोबणीत शिरल्यावरच त्याची घडी बसते. आणि ओळख किती कमी खुणांवर उभी राहू शकते हे पाहायचे असेल, तर या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांचा १९८८ सालचा प्रयोग आहे. टीआरएनए हे प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणारे आरएनए. अलानिन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या टीआरएनएत तिसऱ्या आणि ७० व्या जागी ग्वानिन-युरॅसिलची (युरॅसिल हा आरएनएतला थायमिनच्या जागचा बेस) एक वेगळी जोडी असते; ती एकच जोडी दुसऱ्या टीआरएनएत बसवली, तर अलानिनचे विकर त्याच्यावरही अलानिनच चढवते.

इतके सगळे जमेस धरून मीही बराच काळ असे मानत होतो की योग्य आणि अयोग्य जागेतला फरक मुख्यतः थांबण्याच्या वेळेचा असतो, म्हणजे प्रथिन सगळीकडे सारखेच बसते आणि चुकीच्या जागेवरून लवकर उठते. हे सर्वसाधारण मतही होते. उप्सालाच्या याच संशोधकांनी २०२२ साली हजारो निरनिराळ्या ऑपरेटरांवर लॅक रिप्रेसर किती लवकर बसतो आणि किती वेळाने सुटतो, हे एकाच वेळी मोजले. ज्या क्रमांवर तो जास्त वेळ टिकतो, त्यांच्यावर तो बसतोही अधिक वेळा, आणि क्रमाक्रमांतला बराचसा फरक या दुसऱ्या गोष्टीतून येतो. घसरत जाणारे प्रथिन बहुतेक चुकीच्या क्रमांवर आत वळतच नाही. वाकवणे, बिजागरी घट्ट होणे, ल्युसिनचे घुसणे यांपैकी काहीही सुरू होण्याआधीच ते पुढे सरकलेले असते. ही निवड चाचपण्याच्या त्या अत्यल्प क्षणात नेमकी कोणत्या बंधापाशी होते, पहिल्यांदा कोणती साखळी आत वळते आणि डीएनए कधी वाकू लागतो, हे रचनांच्या स्थिर चित्रांतून दिसत नाही. २०२४ साली आलेला अल्फाफोल्ड ३ हा संगणकीय कार्यक्रम प्रथिन आणि डीएनए एकत्र कसे बसतील याचे चित्र काढून देतो, पण तेही अखेर बसल्यानंतरचेच चित्र असते. पुढची मोजमापे त्या वाटेतल्या अवस्थांचीच व्हायला हवीत, आणि त्यांची सुरुवात लॅक रिप्रेसरपासून होईल असे मला वाटते.